रात्री तिथे कोण असतं?

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आम्ही तिचं नाव तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घातलं. ३० खाटांचं, स्वच्छ, दारात पाटी: ‘प्रसूती व सिझेरियनची सोय’. आम्ही निर्धास्त झालो.

शनिवारी रात्री कळा सुरू झाल्या. एकच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले. डॉक्टर म्हणाले, “सिझर करावं लागेल, पण भूलतज्ज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारीच येतात. जिल्ह्याला न्या.” वाटभर आई एकच विचारत होती, “बाळ हलतंय ना गं?” पहाटे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातच सिझर झालं. बाळ आठ दिवस काचेच्या पेटीत होतं. दोघं वाचली.

पाटी खोटी नव्हती. सिझर तिथे होत होतं, पण ठरल्या वारी. ‘सोय आहे का?’ एवढंच आम्ही विचारलं, ‘कधी असते?’ हे विचारलंच नाही.

म्हणून सांगते, सातव्या महिन्यातच एकदा रात्री रुग्णालयात जाऊन या. सिस्टरना विचारा: भूलतज्ज्ञ इथेच राहतात का? रात्रीचं शेवटचं सिझर कधी झालं? रक्त इथे मिळेल का? रक्त साठवण केंद्र म्हणजे रक्तपेढी नव्हे. तिथे पेढीतून आणलेल्या मोजक्याच पिशव्या असतात, आपल्या गटाची असेलच असं नाही. गेल्या काही महिन्यांत किती जणींना पुढे पाठवलं, हे आशाताईंना विचारा. भिंतींच्या रंगापेक्षा त्यांचं उत्तर खरं.

गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८, हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातली प्रसूती, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि वाहन मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा.

एक मात्र करू नका. भूलतज्ज्ञ नाही म्हणून रात्रपाळीच्या सिस्टरवर ओरडू नका. रिकामी जागा भरणं तिच्या हातात नसतं. गावाने मिळून ती जागा भरण्याची मागणी रुग्ण कल्याण समितीपुढे आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लावून धरावी.

दुसऱ्या खेपेला बहिणीची तपासणी तालुक्यालाच केली. नववा लागताच मात्र तिला जिल्ह्याच्या गावी मावशीकडे नेऊन ठेवलं.