तारेवरचा संदेश आणि हेविसाइडची समीकरणे

तारेच्या एका टोकाला कळ दाबली की दुसऱ्या टोकाला तत्क्षणी खूण उमटते, अशी आपली साधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी केबल टाकण्यात आली. तीवरून राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेचे अध्यक्ष ब्युकॅनन यांना धाडलेला ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले. मग विद्युत् दाब वाढविण्याचा खटाटोप झाला आणि काही आठवड्यांतच केबल निकामी झाली.

असे का व्हावे? याचे उत्तर विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी आधीच देऊन ठेवले होते. आत तांब्याची तार, भोवती गटापर्चाचे वेष्टन आणि बाहेर समुद्राचे पाणी, अशी ही रचना विद्युत् भार साठवून धरते. उलथन्याचे पाते तापले की उष्णता दांडीत हळूहळू झिरपते, तसा संदेश केबलमध्ये झिरपतो. लांबी दुप्पट झाली की विलंब चौपट होतो.

परंतु हे चित्र अपुरे होते. ते पूर्ण केले ऑलिव्हर हेविसाइड (१८५०-१९२५) यांनी. सोळाव्या वर्षी शाळा सुटलेला हा तार कंपनीतला नोकर. १८७४ मध्ये नोकरी सोडून तो घरीच गणित करीत बसला. त्याची दोन समीकरणे माझ्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही शब्दांत सांगता येतात. पहिले असे : तारेवर पुढे जाताना दाब घटतो, तो काही तारेच्या रोधामुळे व काही प्रवाहातील बदलाला विरोध करणाऱ्या प्रवर्तकतेमुळे. दुसरे असे : प्रवाह घटतो, तो काही वेष्टनातून होणाऱ्या गळतीमुळे व काही भार साठविणाऱ्या धारितेमुळे.

आपला आवाज ही अनेक स्वरांची मिसळ असते. केबलवर बारीक स्वर लवकर पोचतात पण अधिक क्षीण होतात. जाड स्वर मागे रेंगाळतात. म्हणून बोलणे ओळखू येईनासे होते. १८८७ मध्ये हेविसाइडने दाखविले की रोध व प्रवर्तकता यांचे गुणोत्तर गळती व धारिता यांच्या गुणोत्तराइतके झाले, तर सर्व स्वर सारख्याच वेगाने जातील व सारखेच क्षीण होतील. आवाज मंद होईल, पण विकृत होणार नाही. प्रत्यक्षात पहिले गुणोत्तर फार मोठे असते. तेव्हा उपाय एकच, प्रवर्तकता वाढवावी!

ब्रिटिश टपालखात्यातील तज्ज्ञ विल्यम प्रीस यांना प्रवर्तकता हा दोष वाटे. त्यांनी हेविसाइडच्या लेखाच्या प्रकाशनात अडथळा आणला. पुढे १९०० च्या सुमारास अमेरिकेत कॅम्बेल व प्यूपिन यांनी टेलिफोनच्या तारांवर ठरावीक अंतराने वेटोळी बसविण्याची रीत काढली. पेटंटाचा पैसा प्यूपिन यांना मिळाला. हेविसाइड अखेरपर्यंत ओढगस्तीतच राहिला.

भारतातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. ही समीकरणे मात्र आजही अभियंत्यांच्या रोजच्या वापरात आहेत. अधिकारपदाने दडपलेला विचार खरा असेल तर तो उशिरा का होईना, पोचतो. त्या उशिराची किंमत मात्र विचार मांडणाऱ्यालाच मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.