बिनतारी ध्वनिक्षेपक

अमेरिकेतील पुष्कळ शाळांत स्वतंत्र नाट्यविभाग असतो. तेथील मुले संगीतिका सादर करतात. नाचताना किंवा पाठमोरे होतानाही नटाचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा, यासाठी बिनतारी ध्वनिक्षेपक वापरतात.

केसांत किंवा गालावर बसविलेला चिमुकला ध्वनिक्षेपक आवाजाचे विद्युत्‌संदेशात रूपांतर करतो. कमरेशी दडविलेला प्रक्षेपक तो संदेश रेडिओ-लहरींवरून पाठवितो. रंगमंचाजवळचा ग्राहक त्या लहरी झेलून संदेश ध्वनिवर्धकाकडे धाडतो. प्रत्येक नटाच्या लहरींची कंपनसंख्या निराळी असावी लागते. नाही तर त्या एकमेकींवर आदळून नुसती खरखर ऐकू येते.

या लहरींचे वाटप मात्र सरकारच्या हाती असते. अमेरिकेत दर सेकंदास सुमारे ७० ते ८० कोटी कंपनांचा पट्टा २०१० साली अशा ध्वनिक्षेपकांना बंद झाला. त्याखालच्या, सुमारे ६१ ते ७० कोटी कंपनांच्या पट्ट्याचा बहुतेक भागही २०२० साली बंद झाला. मोबाइल दूरध्वनीसारख्या सेवांसाठी तो हवा होता. त्या पट्ट्यांत चालणारी यंत्रे सुस्थितीत असूनही वापरणे बेकायदा ठरले.

म्हणून नाट्यविभागाने किंमत विचारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. एका वेळी किती नट बोलणार? यंत्राची कंपनसंख्या बदलता येते काय? आणि तो पट्टा कायद्याने खुला आहे काय? स्वस्तात घेतलेले यंत्र उद्या मुके झाले, तर तेच सर्वांत महाग पडते.