दोन दोऱ्या आणि चिंचोके

नागपूर जिल्ह्यात काटोलकडे कापूस होतो आणि संत्र्याच्या बागाही आहेत. त्या बाजूचे एक गाव समजा. गावात घरे १००. उन्हाळ्यात मजुरांसाठी काम काढायचे ठरले. ज्यांच्याकडे कापूसही नाही आणि बागही नाही, अशी घरे किती?

घरोघर विचारले. कापूसवाली घरे ६०, बागवाली ३५. लिहिणाऱ्याने बेरीज केली ९५. म्हणजे उरली ५. पाच घरांपुरते काम मंजूर झाले. कामाच्या दिवशी मात्र २५ घरची माणसे कुदळ-टोपली घेऊन उभी!

असे कसे झाले? चिंचोके घ्या. एक चिंचोका म्हणजे एक घर. अंगणात दोन दोऱ्यांची दोन रिंगणे करा, एकमेकांवर थोडी चढलेली. एकात कापूसवाले, दुसऱ्यात बागवाले. आता ज्याच्याकडे दोन्ही आहे, त्याचा चिंचोका कुठे ठेवाल? रिंगणे जिथे एकमेकांवर चढली, त्या मधल्या जागेत. तो दोन्ही रिंगणांत आहे, पण चिंचोका एकच. अशी घरे २० निघाली. मग नुसता कापूस ४०, नुसती बाग १५, मधली २०. झाली ७५. दोऱ्यांच्या बाहेर राहिली २५. लिहिणाऱ्याने मधली वीस घरे दोनदा मोजली आणि तेवढीच गरीब घरे यादीतून गेली.

इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १८८० साली अशा वर्तुळांची रीत मांडली. शाळेच्या पुस्तकात तिला व्हेन आकृती म्हणतात.

पण ही वीस घरे कळली कशी? दारात आणखी एक प्रश्न विचारला म्हणून. "भाऊ, तुमच्याकडे दोन्ही हाये का?" तो विचारला नसता, तर बाहेरची घरे ५ पासून ४० पर्यंत कितीही असू शकली असती. सगळे बागवाले कापूसही लावत असतील, तर ४०.

आम्ही मास्तर असतानाही हेच केले. पाटी नसलेली मुले आणि पुस्तक नसलेली मुले यांची बेरीज केली, तर मुले पटाहून जास्त! पोट्टे हसले.

२०११ च्या जनगणनेत मातृभाषेशिवाय आणखी दोन भाषा विचारल्या होत्या. नागपुरात मराठी आणि हिंदी दोन्ही बोलणारे पुष्कळ. त्यांचीही मधलीच जागा.

आता तुम्ही दोऱ्या मांडा. घरे ५०. गाय २४ घरी, शेळी २२ घरी, दोन्ही १० घरी. गायही नाही आणि शेळीही नाही, अशी घरे किती? (उत्तर : १४)