घुंगरांचा चेंडू

खेळाच्या तासाला वर्गातील अंध मुलाला पुष्कळदा झाडाखाली दप्तरे राखावयास बसवितात. हेतू दयेचा असला, तरी त्याचा खेळ बुडतो तो बुडतोच!

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली युरोपात 'गोलबॉल' हा खेळ निघाला. त्याच्या चेंडूत घुंगरे असतात. मैदानाच्या रेषांखाली दोरी असते. ती चाचपून गड्याला आपली जागा कळते. प्रत्येक बाजूचे तीन गडी नऊ मीटर रुंद गोल राखतात. सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी असल्यामुळे डोळस मुलांनाही त्यात उतरता येते. खेळ चालू असता पाहणाऱ्यांनी मात्र अगदी गप्प राहावयाचे. ही अट अनेकांना जड जाईल!

चेंडू खुळखुळत येतो. डोळस गडी गोंधळतो. आणि कालपर्यंत दप्तरे राखणारा मुलगा आवाजाच्या रोखाने आडवा झेपावून तो अडवितो.