पोरं आधी आपल्या तोंडाकडे बघतात (गीता ३.२१)



आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, कर्मयोग, श्लोक २१.

भावार्थ: लोक ज्याला मोठा मानतात तो जसा वागतो, तसेच बाकीचे वागायला लागतात. तो जे योग्य ठरवतो, तेच सगळे योग्य धरून चालतात.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला आणि दरवेळी पुढे सरकलो. राजे, संत, पुढारी यांच्यासाठी असेल, असं वाटायचं. आपण सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर बसणारी माणसं, आपला आणि 'श्रेष्ठ' या शब्दाचा काय संबंध? तो संबंध मला मढच्या वाळूवर एका लहान पोरानं दाखवला. त्यात माझी चूक आहे, म्हणून लिहायला जरा उशीरच केला.

आधी श्लोकाचा संदर्भ बघू. याच्या आधीच्या श्लोकात भगवंत जनक राजाचं उदाहरण देतात. जनकासारख्यांना कर्मातूनच सिद्धी मिळाली, आणि लोकांना नीट वाट दिसावी म्हणून तरी कर्म करायला हवं, असं ते अर्जुनाला सांगतात. पुढच्या श्लोकात तर स्वतःबद्दलच बोलतात. तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी काम करतोच, असा त्याचा आशय. मधे आहे आपला २१ वा श्लोक. म्हणजे ही नुसती 'चांगलं वागा' अशी शिकवण नाही. आपल्या वागण्याचा परिणाम आपल्यापाशी थांबत नाही, तो बघणाऱ्यापर्यंत जातो, असं भगवंत सांगतायत. ज्ञानेश्वर माउली तर याहून पुढे जातात. वडीलधारी मंडळी जे करतात त्यालाच लोक धर्म समजतात आणि तेच करू लागतात, असा त्यांच्या विवरणाचा भाव आहे. धर्म काय हे पोरं पोथीतून नंतर शिकतात. आधी घरातल्या आणि मैदानावरच्या मोठ्यांकडे बघून शिकतात.

आता मैदानावर येतो.

मढला कोळीवाड्यातल्या आणि आसपासच्या पोरांना मी रविवारी कबड्डी शिकवतो. आमच्या सरावाची वेळ घड्याळ ठरवत नाही, समुद्र ठरवतो. ओहोटी बघायची, ओली घट्ट वाळू उघडी पडली की टाचेनं रेषा ओढायच्या आणि सुरू. एका बाजूला बांबूंवर बोंबील वाळत असतात, पलीकडे होड्या. पोरांमध्ये हरबादेवीच्या देवळात जाणारी आहेत, तशी एरंगळच्या संत बोनाव्हेंचर चर्चच्या सणाला नवे कपडे घालून जाणारीही आहेत. म्हणून सुरुवातीला कुठला एक श्लोक म्हणायला लावत नाही. सगळ्यांनी वाळूला हात लावायचा, कपाळाला लावायचा, डोळे मिटायचे आणि आपापल्या देवाला एकच मागायचं: 'आज मला खरं खेळू दे.' हे वाक्य माझं. मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू!

कबड्डी ज्यांनी खेळली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. चढाई करणाऱ्याचा हात किंवा पाय बचाव करणाऱ्याला लागला, हे सगळ्यात आधी कोणाला कळतं? ज्याला लागला त्याला. पंचाला दिसेलच असं नाही. सात जणांची धावपळ, उडणारी माती, त्यात अंगठा टाचेला चाटून गेला तर बाहेरून कसं कळणार? म्हणजे या खेळात दर काही सेकंदांनी एक पोरगा आणि त्याचा देव, एवढेच दोघे साक्षीदार असतात.

गेल्या हिवाळ्यात उपनगरातल्या एका स्पर्धेत आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचलो. शेवटची चढाई समोरच्या संघाची आणि आम्ही एका गुणानं पुढे. त्यांचा पोरगा आला, आमच्या डाव्या कोपऱ्याकडे पाय टाकला आणि परत गेला. पंचांनी चढाई रिकामी दिली. आमची पोरं उड्या मारायला लागली, मी पण मारली. तेवढ्यात आमचा डावा कोपरा हात वर करून रेषेबाहेर गेला.

"सर, लागला. टाचेला."

पंचांनी दोनदा विचारलं. तो दोन्ही वेळा तेच म्हणाला. समोरच्यांना गुण मिळाला, बरोबरी झाली, मग पाच-पाच चढाया. आणि आम्ही एका गुणानं हरलो.

मी त्याच्याजवळ गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला कोणी विचारलं होतं का?"

एवढंच. तीन-चार सेकंद. तो काही बोलला नाही, खाली बसून गुडघ्याची पट्टी सोडायला लागला.

परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. खरं तर त्या पोरामुळे आम्ही हरलो नव्हतोच. बरोबरी झाल्यावर आमच्या हातात पाच चढाया होत्या, त्यातल्या दोन रिकाम्या गेल्या. एक घोट्याची पकड जमली असताना सुटली. त्या चुका सरावाच्या, म्हणजे माझ्याही. पण राग काढायला मला एक चेहरा हवा होता आणि हात वर केलेला पोरगा समोरच होता. हे समजत होतं, तरी 'बघू नंतर' म्हणून मी विषय सोडला.

पुढच्या रविवारी नेहमीसारखा सराव सुरू झाला. वाळूला हात, कपाळाला हात, डोळे बंद. मग खेळ. संघातला सगळ्यात लहान पोरगा बचावात होता. चढाई करणाऱ्याचा हात त्याच्या दंडाला लागला, मला स्पष्ट दिसला. पोरगा थांबला. आणि हात वर करायच्या आधी त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

मंडळी, तिथे मला ३.२१ कळला.

आठ दिवसांपूर्वीपर्यंत या पोरानं थेट हात वर केला असता. आता त्याला आधी बघायचं होतं की सरांना काय चालतं. कित्येक महिन्यांची आमची प्रार्थना एका बाजूला आणि माझं रागाचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला. त्यानं वाक्य खरं धरलं. बरोबरच केलं त्यानं. प्रार्थना मी त्यांना सांगितली होती, पण राग मी त्यांच्यासमोर जगून दाखवला होता. आणि ज्याच्याकडे लहान पोरगा असा वळून बघतो, तो त्या पोरापुरता 'श्रेष्ठ'च, त्याची लायकी असो वा नसो. हे पद आपण मागत नाही, अर्ज करत नाही. बघणारा ते देऊन मोकळा होतो.

मी शिट्टी वाजवली, सगळ्यांना गोल बसवलं आणि डाव्या कोपऱ्याला समोर बोलावून म्हणालो, "त्या दिवशी तू बरोबर होतास. मी चुकलो." सर माणसानं पोरांची माफी मागणं आपल्याकडे जरा अवघडच. त्यालाही अवघडलं. पायानं वाळू उकरत म्हणाला, "चालतंय सर. खेळूया ना."

मला मात्र काहीतरी भरपाई करायची होती. मी जाहीर केलं, सरावात जो स्वतःहून बाद झाल्याचं सांगेल त्याला एक जादा गुण. संध्याकाळी एका पोराच्या आईनं मासळीची टोपली उचलता उचलता विचारलं, "खरं बोलल्याचं पन बक्षीस देनार का सर?" मी हसलो, पण घरी आल्यावर ते मनातून जाईना. बरोबर होतं त्यांचं. फळाची आशा धरू नको हे दुसऱ्या अध्यायातलं आपण सगळ्यांना ऐकवतो आणि मी तर खरेपणालाच फळ लावून ठेवलं होतं. जादा गुण बंद केला.

म्हणजे जिंकायचंच नाही का? तसं अजिबात नाही. भगवंतांनी अर्जुनाला रथातून उतरायला सांगितलेलं नाही, लढायलाच सांगितलंय. त्या रविवारपासून आम्ही घोट्याची पकड इतकी घोटली की पोरं कंटाळली. मेहनतीत कसूर नको, फक्त जिंकण्याची किंमत म्हणून पोराचा खरेपणा घ्यायचा नाही.

आपल्या मुंबईतलं एक मोठं उदाहरण द्यायचं तर रमाकांत आचरेकर सरांचं. त्यांच्या स्वतःच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना. पण शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेली पोरं जगभर खेळली. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २ जानेवारी २०१९ ला ते गेले तेव्हा सचिन तेंडुलकरनं त्यांना खांदा दिला. सर शाळकरी सचिनला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे, हे सचिननंच अनेकदा सांगितलंय. सराव चुकवू नकोस, असं पोराला सांगणं सोपं असतं. सर स्वतः स्कूटर काढायचे. श्लोकातलं 'वागणं' म्हणजे हेच.

आणि आपला सगळ्यात मोठा प्रशिक्षक कोण? कुरुक्षेत्रावर शस्त्र न धरता लगाम हातात घेऊन बसलेला तो सारथी. अठरा अध्याय शिकवून शेवटी तो अर्जुनाला सांगतो, आता या सगळ्याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर (१८.६३). निर्णय शिष्यावर सोडतो. आमच्या डाव्या कोपऱ्यानं त्या दिवशी तेच केलं होतं. विचार केला आणि स्वतः ठरवून हात वर केला. मी शिकवलेलं त्याला आलं होतं. मलाच ते ओळखता आलं नाही.

श्रद्धेनं मला चांगले शब्द दिले. ते माझ्यात किती उतरलेत हे मात्र मैदानावरच कळतं, आणि बहुतेक वेळा हरताना.

आजची साधना:

१. तुमच्याकडे वळून बघणारं एक माणूस शोधा. धाकटी बहीण, भाचा, ऑफिसात नवीन लागलेला मुलगा, कोणीही.

२. गेल्या आठवड्यात त्याच्यासमोर तुम्ही एखाद्या खऱ्या वागण्यावर चिडलात का, ते आठवा.

३. चिडला असाल तर आजच, त्याच्यासमोरच, 'माझं चुकलं' म्हणा. मेसेज नको, समोर बसून.

प्रार्थना: हे पांडुरंगा, जे मी दुसऱ्याला मागायला शिकवतो ते आधी माझ्यात उतरू दे. आणि कोणी लहान माझ्या तोंडाकडे बघेल, तेव्हा त्याला तिथे भीती दिसू नये.

त्या सगळ्यात लहान पोराचं राहिलंच. परवाच्या सरावात त्याला पुन्हा हात लागला. या वेळी त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. हात वर केला आणि बाहेर जाऊन बसला.

रामकृष्ण हरी!