सोबतच्या माणसाचं बीपी

चौफुल्याकडच्या एक बाई गेल्या महिन्यात सासऱ्यांची फाइल घेऊन शिरूरला माझ्या दवाखान्यात आल्या. तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, शेक (रेडिएशन) चालू, नाकात नळी. नळीतून किती वाजता किती पेज दिली, हे त्यांनी मुलाच्या शाळेच्या वहीत लिहून आणलं होतं. एकही रकाना रिकामा नव्हता. मी बीपीचा पट्टा त्यांच्याच दंडाला गुंडाळायला लागलो, तर म्हणाल्या, "माझं कशाला बघताय डॉक्टर, आजारी ते आहेत." बीपी १६०/१०० निघालं. स्वतःच्या गोळ्या तीन महिन्यांपासून बंद होत्या.

आपल्याकडे शेक म्हणजे आठवड्यातून पाच दिवस पुणं, तेही सहा-सात आठवडे. पहाटे धारा काढायच्या, डबा भरायचा, शिरूरहून एसटी नाहीतर दौंडहून रेल्वे धरायची. (रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते. हॉस्पिटलातून फॉर्म भरून घ्या.) यात जो माणूस रोज सोबत जातो, त्याला कसं वाटतंय हे कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतो, आणि तेही पेशंटला बाहेर बसवून.

तेव्हा बहुतेक वेळा दमणुकीच्या आधी लपवाछपवी बाहेर येते. "त्यांना साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय, कॅन्सर म्हणू नका." चोवीस तास एकाच खोलीत राहून हे नाटक निभावणं फार जड असतं. रडायचं तर गोठ्यात जाऊन. पेशंट मात्र वॉर्डातल्या पाट्या वाचत असतो, शेजारच्या खाटेवरच्यांशी बोलत असतो. त्याला बहुधा कळलेलं असतं, आणि तोही तुमच्यासाठी गप्प असतो. सगळं एका दमात सांगू नका. "तुम्हाला काय वाटतंय, काय झालंय?" एवढंच विचारा आणि ऐका. जमत नसेल तर डॉक्टरांना सोबत घ्या.

दुसरी गोष्ट वासाची. तोंडाच्या जखमेला वास यायला लागला की घरातली माणसं लांब बसतात, आणि मग लांब बसल्याची लाज मनाला खात राहते. त्या वासावर औषध आहे, दुखण्यावरही आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, सेंटर आहे. तिथे पेशंटसोबत घरचा एक माणूस राहतो, शुश्रूषा शिकतो, आणि पैसे घेतले जात नाहीत. तिथे जायचं म्हणजे आशा सोडली असं नव्हे. उपचार चालू असतानाही जाता येतं. पेशंटची रात्र शांत गेली, तर तुमचीही जाते.

भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनो, बिस्किटाचा पुडा नको. "मंगळवारी पुण्याला मी नेतो," असं वार ठरवून सांगा. आणि भावांनो, पैसे पाठवले म्हणजे वाटणी झाली नाही. आठवड्यातल्या दोन रात्री उशाशी बसा.

"यातून सुटले तर बरं," असा विचार मनात येतो. जीव लावून करणाऱ्यांच्याच मनात तो येतो. त्यात पाप नाही. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नकोसं, कशातच मन लागत नाही, असं झालं तर ते डिप्रेशन असू शकतं. त्याला उपचार आहेत, तपासून घ्या. आणि आपणच नसावं असं वाटायला लागलं, तर त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरातल्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये. आणि फवारणीचं औषध पडवीत, गोठ्यात असेल, तर आजच कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी.