सही पुन्हा काऊन?

नालवाडी आता वर्ध्याला इतकी चिकटली आहे की शीव कुठली ते नवख्याला कळत नाही. तरी गाडी थोडी पुढे हाकली की पऱ्हाटीचं रान लागतंच. माझे विकले जाणारे फोटो बहुतेक तिथलेच: वेचणी, ओटीतला कापूस, सीतादहीची पूजा, जिनिंगसमोरची गाड्यांची रांग. आठ वर्षं एकाच परदेशी स्टॉक फोटो एजन्सीकडे एक्सक्लुझिव्ह होतो. दुसरीने जास्त टक्का दाखवला आणि मी एका रात्रीत जुनीकडचे सगळे फोटो काढून टाकले.

इथून जवळच, सेवाग्रामात, कनू गांधींना फोटो काढायची परवानगी देताना बापूंच्या अटी तीनच होत्या: फ्लॅश नको, पोझ मागायची नाही, खर्च आश्रम देणार नाही. माझा करार अठरा पानांचा होता आणि मी तळाशी जाऊन ‘मान्य’ दाबलं होतं. नोटिशीची मुदत त्यातच होती. ती संपेपर्यंत, आणि उपवितरकांच्या साइटवरून फोटो उतरेपर्यंत, नवीकडे तेच फोटो देणं म्हणजे करारभंग. तीन महिने दोन्हीकडे शून्य. खात्यातली शिल्लक पैसे काढायच्या किमान रकमेपर्यंत पोचली नव्हती, तीही बुडाली. आधी तेवढी शिल्लक होऊ द्या, पैसे काढा, मग खातं बंद करा.

खरा घाव कीवर्डचा बसला. फोटो माझ्या हार्डडिस्कवर होते, पण फोटोमागे चाळीस-चाळीस शब्द मी थेट साइटवर टाइप केलेले. डिलीटबरोबर ते गेले. कीवर्ड आणि वर्णन फाइलच्या पोटातच, आयपीटीसीच्या रकान्यांत लिहा. म्हणजे फोटो जाईल तिथे ते सोबत जातात. बदलायचंच असेल तर आधी नवे फोटो नवीकडे द्या, पण जुना करार फोटोपुरता एक्सक्लुझिव्ह आहे की तुमच्यापुरता, हे पाहूनच. माझा माझ्यापुरता होता.

आणि नाही बदललं तरी एजन्सी बदलतेच. फोटोलिया ही एजन्सी २०१५ साली अडोबीकडे गेली, २०१९ मध्ये ते दुकानच बंद झालं.

शेवटी अडलं ते मॉडेल रिलीजवर, म्हणजे फोटोतल्या माणसाच्या सहीच्या संमतीपत्रावर. फॉर्मच्या माथ्यावर जुन्या एजन्सीचं नाव छापलेलं, नवीला ते चालेना. (कोरा, कुणाचंच नाव नसलेला फॉर्म वापरा, दोन्ही भाषांत.) म्हणून मी पुन्हा धुऱ्यावर. वेचणी करणाऱ्या काकूंनी ओटी सोडली नाही.

“मागच्या खेपेले केली ना बाबू सही, आता पुन्हा काऊन?”

मी एजन्सी बदलल्याचं सांगितलं. “मंग फोटो बी नवा काढ,” म्हणाल्या, “त्यात लुगडं फाटकं होतं.” बोटं पदराला पुसून त्यांनी सही केली. कापसाचा एक तंतू कागदाला चिकटून आला; स्कॅनमध्ये तो सहीशेजारी स्पष्ट दिसतो.